लाल इशारा आणि आपण

२४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री देशाच्या आकाशातून एक ढग गेला. पावसाचा नव्हे, राखेचा. इथिओपियातल्या अफार भागात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी आदल्या दिवशी सकाळी फुटला होता. त्याच्या उद्रेकाची माणसाच्या इतिहासात कुठे नोंद नव्हती. त्याची राख आकाशात सुमारे चौदा किलोमीटर उंच गेली, तांबडा समुद्र ओलांडून येमेन आणि ओमानवरून अरबी समुद्रावर आली आणि गुजरात-राजस्थानमार्गे दिल्लीकडे सरकली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं विमान कंपन्यांना राखेचा पट्टा टाळण्याच्या सूचना दिल्या. काही उड्डाणं रद्द झाली, काहींचे मार्ग बदलले, काही विमानं तपासणीसाठी जमिनीवर थांबवली गेली. दुसऱ्या दिवशी ढग चीनकडे निघून गेला.

अशा प्रसंगी दोन सूर हमखास कानांवर येतात. पहिला घाबरलेल्यांचा. आता श्वास कसा घ्यायचा, मुलांना शाळेत पाठवायचं का, पाण्यात राख पडेल का? दुसरा वैतागलेल्यांचा. कुठे आफ्रिकेत डोंगर फुटला आणि इथे आमचं तिकीट रद्द! ढग एवढ्या उंचीवरून गेला की खाली श्वासाच्या हवेत फरक पडणार नाही, असं हवामान खात्यानं सांगितलं होतं. म्हणजे घाबरण्याचं कारण नव्हतं. पण विमानं थांबवण्याचं कारण मात्र पुरेपूर होतं.

ते कारण समजून घेण्यासारखं आहे. ज्वालामुखीची राख म्हणजे चुलीतली मऊ राख नव्हे. ती दगडाची आणि काचेची बारीक पूड असते. इंजिनाच्या आतल्या उष्णतेत ती वितळते आणि पात्यांवर काचेसारखी चिकटून बसते. भिलाईकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. झोतभट्टीतून निघणारा तांबडालाल स्लॅग थंड झाला की कसा दगड होऊन बसतो, हे इथल्या घराघरात माहीत आहे.

२४ जून १९८२ रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो विमान लंडनहून निघून मुंबई, क्वालालंपूर करत पुढे पर्थला चाललं होतं. जावा बेटाजवळ ते रात्रीच्या अंधारात गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं एकापाठोपाठ एक बंद पडली. विमान कित्येक मिनिटं नुसतं तरंगत खाली येत होतं. राखेच्या बाहेर आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्त्याला सुखरूप उतरलं. आतल्या २६३ जणांचे प्राण वाचले. त्या रात्री वैमानिकाला राखेची सूचना मिळाली नव्हती. आज ती मिळते, म्हणून आपल्याला फक्त तिकीट रद्द झाल्याचा त्रास होतो.

आपला काय संबंध?

सुपेल्यात राहणाऱ्या माणसानं म्हणावं, ज्वालामुखीशी आमचा काय संबंध? खरंच आहे. आपल्या भागाच्या पायाखाली बराचसा चुनखडीचा जुना खडक आहे. जवळच्या नंदिनीच्या खाणीतून तोच भिलाईच्या भट्ट्यांना जातो. महाराष्ट्रातले काळे कातळ मात्र लाव्हाचेच आहेत. सह्याद्रीचे कडे, किल्ल्यांचे बुरूज, वेरूळची लेणी हे सगळं सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थराथरानं पसरलेल्या लाव्हाचं देणं. ती आग केव्हाच विझली. भारतातला जागा असलेला ज्वालामुखी म्हणजे अंदमानातलं बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षं झोपलेला हा डोंगर १९९१ मध्ये जागा झाला. पण तिथे माणसांची वस्तीच नाही. रागवायला कोणी नाही आणि पळायलाही कोणी नाही.

तरीही ज्वालामुखीच्या इशाऱ्यांची गोष्ट आपल्या कामाची आहे. कारण इशारा डोंगराचा असो, पुराचा असो, दरडीचा असो की रोगाचा, तो ऐकणारी माणसं सगळीकडे सारखीच. ज्या देशांत जागे ज्वालामुखी आहेत, तिथे त्यांच्यासाठी पायऱ्या ठरवलेल्या असतात. कुठे एक ते चार, कुठे एक ते पाच, कुठे हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. पायरी चढली की गिर्यारोहण बंद, मग शेतात जायला बंदी, मग गावं रिकामी. आपल्याकडे हवामान खातंही हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे चार रंग वापरतं. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हे रंग आपण बातम्यांत रोज पाहतो. पण त्यांचा अर्थ घरात किती जणांना सांगता येतो?

आपल्या घरांतला संवाद साधारण असा असतो.

“आई, आज शिवनाथेकडे नको. लाल इशारा आहे म्हणे.”

“अगं, मागच्या वेळीही होता. चार थेंबसुद्धा पडले नाहीत.”

इथेच सगळी मेख आहे. मागच्या वेळी काही झालं नाही, हा आपला सर्वांत आवडता युक्तिवाद. दुर्गजवळ महमरा एनीकटवरून पाणी वाहू लागलं की ते पाहायला जाणारी माणसंही हेच म्हणतात.

न फुटलेला डोंगर

मागच्या वेळी काही झालं नाही, याचं जगातलं मोठं उदाहरण म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं ग्वादलूप बेट. १९७६ मध्ये तिथला सूफ्रिएर डोंगर वाफ आणि राख टाकू लागला. शास्त्रज्ञांत मतभेद झाले आणि ते चारचौघांत गाजले. ऑगस्टमध्ये सरकारनं सत्तर हजारांहून अधिक लोकांना हलवलं. ती माणसं कित्येक महिने घराबाहेर राहिली. शेती बुडाली, धंदे बसले, मुलांच्या शाळा विस्कटल्या. आणि मोठा उद्रेक झालाच नाही! लोक चिडले, ते स्वाभाविकच होतं.

नऊ वर्षांनी दक्षिण अमेरिकेत, कोलंबियात, याच्या उलट घडलं. नेव्हादो देल रुईझ नावाचा बर्फाच्छादित ज्वालामुखी वर्षभर धुमसत होता. धोक्याचा नकाशा ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार होता आणि त्यात आर्मेरो हे गाव चिखलाच्या लोंढ्याच्या वाटेवर दाखवलं होतं. पण गाव रिकामं करायचं म्हणजे खर्च आणि लोकांची नाराजी. शिवाय काहीच झालं नाही तर हसं व्हायचं. निर्णय लांबत गेला. १३ नोव्हेंबरच्या दुपारी गावावर राख पडू लागली, तेव्हा लोकांना घरात शांत राहायला सांगितलं गेलं. रात्री डोंगर फुटला. वितळलेल्या बर्फाचा चिखल गावात पोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. एवढ्या वेळात जवळच्या उंचवट्यावर पायी जाता आलं असतं. सुमारे तेवीस हजार माणसं मेली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. ग्वादलूपमध्ये माणसं हलवली आणि नुकसान झालं, ते महिन्यांचं आणि पैशांचं. आर्मेरोत माणसं हलवली नाहीत आणि जे गेलं ते परत येणारं नव्हतं. खोटा ठरलेला इशारा आणि न दिलेला इशारा यांची किंमत एकच नसते. घराला कुलूप लावून गेलो आणि चोर आला नाही, म्हणून कुलूप फुकट गेलं असं आपण म्हणत नाही. मग इशाऱ्याबद्दलच असं का म्हणावं?

तिसरं उदाहरण अमेरिकेतलं. १९८० च्या वसंतात सेंट हेलेन्स डोंगराभोवती सरकारनं मनाई क्षेत्र आखलं. तिथे ज्यांची सुटीतली घरं होती ते संतापले. आमच्या मालकीच्या घरात आम्हालाच बंदी? दबाव एवढा वाढला की १७ मे रोजी पोलिसांच्या बंदोबस्तात त्यांना सामान आणायला आत नेण्यात आलं. दुसरी तुकडी १८ मेच्या सकाळी दहाला जायची होती. त्या दिवशी सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी डोंगराची एक बाजू उडाली. ५७ जण मेले. मनाई नसती तर हा आकडा कुठे गेला असता, ते सांगायला नकोच. हॅरी ट्रूमन नावाचे ८३ वर्षांचे लॉजमालक शेवटपर्यंत हलले नाहीत. त्यांच्या हट्टाचं तेव्हा वर्तमानपत्रांत कौतुक झालं होतं. कौतुक करणारे सगळे दूर, सुरक्षित जागी बसले होते.

किल्लारीनं काय शिकवलं?

आता आपल्या माणसांकडे येऊ. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला १९९२ मध्ये जमिनीतून आवाज येऊ लागले, धक्के बसू लागले. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का चांगलाच जाणवण्याजोगा होता. लोक घाबरले. मग धक्के कमी झाले आणि भीतीही विरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, लातूर-उस्मानाबादची गावं झोपेतच मातीला मिळाली. उस्मानाबादला आज आपण धाराशिव म्हणतो. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. भिलाईत, दुर्गात, रायपुरात ज्यांचे नातेवाईक मराठवाड्यात होते, त्यांचे पुढचे काही दिवस कसे गेले ते त्यांनाच ठाऊक.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भूकंप अमुक दिवशी होईल असं आजही कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे १९९२ च्या धक्क्यांवरून कोणी तारीख सांगायला हवी होती, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्वालामुखी मात्र बहुधा आधी कुरबुर करतो. जमीन फुगते, वायू वाढतो, लहान धक्क्यांची संख्या चढत जाते. म्हणून तिथे पायऱ्यांचा इशारा शक्य असतो. पण किल्लारीत तारीख कळली नसती तरी एक गोष्ट कळण्यासारखी होती. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद, हे घर हादऱ्यात उभं राहणार नाही. धक्के थांबले तेव्हा आपण भीतीबरोबर हा विचारही सोडून दिला. भीती ओसरावी, पण तिनं दाखवलेली भेग बुजवल्याशिवाय ओसरू नये.

रायगड जिल्ह्यातल्या इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण कायमचे बेपत्ता झाले. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती. म्हणजे यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही. आणि यादीत नाव असणाऱ्यांनी ‘आम्ही इथेच जन्मलो’ म्हणून निश्चिंत राहावं, असाही होत नाही.

रोजच्या भाकरीचा प्रश्न

मात्र लोक इशारा ऐकत नाहीत म्हणून त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे आणि चुकीचंही. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये बाली बेटावरच्या आगुंग ज्वालामुखीचा इशारा सर्वांत वरच्या, चौथ्या पायरीवर नेला गेला. एक लाखाहून अधिक माणसं छावण्यांत गेली. याच डोंगरानं १९६३ मध्ये हजाराहून अधिक बळी घेतले होते, त्यामुळे म्हाताऱ्यांना आठवण होती. तरीही दिवसा कित्येक शेतकरी बंदी असलेल्या भागात परत जात. कशासाठी? गोठ्यातल्या गाईंना चारा घालायला. गाय हीच त्यांची बँक. प्रशासनाला हे उमगलं तेव्हा गुरांसाठीही वेगळ्या छावण्या उघडल्या. गुरं हलली तेव्हा माणसं निश्चिंतपणे हलली.

आपल्याकडे हे आपण अलीकडेच पाहिलं आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ६ एप्रिल २०२१ पासून दुर्ग जिल्ह्यात कडक टाळेबंदी लागली. कारण खरं होतं, रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या. पण कारखान्याचा पगार महिन्याच्या महिन्याला घेणारं घर आणि सुपेल्याच्या बाजारात ठेला लावून रात्रीचं पीठ सकाळच्या विक्रीतून आणणारं घर, यांना ‘घरात बसा’ या दोन शब्दांचा अर्थ सारखा लागला नाही. पहिल्या घराला ती गैरसोय होती, दुसऱ्याला उपास. मग दुसऱ्या घरातला माणूस बंदी मोडून चार भाज्या विकायला बसला, तर त्याला बेजबाबदार म्हणणाऱ्यांनी आपल्या डब्यातला तांदूळ आधी मोजावा.

लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातले पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर बंधनं घातली गेली. धबधब्याखाली जायला मनाई झाली, संध्याकाळनंतर बंदी आली. सुटीला निघालेले नाराज झाले तर त्यात आश्चर्य नाही. पण सुटीचा विरस आणि कणसं, भजी विकणाऱ्यांचा बुडालेला पावसाळी धंदा, या दोन नाराजी एका मापानं मोजू नयेत. पहिलीला समजूत पुरेशी आहे. दुसरीला पर्याय द्यावा लागतो.

ऐकणारी माणसं कशी घडतात?

चांगलं उदाहरण नाही असं नाही. फिलिपाइन्समधला पिनातुबो डोंगर १९९१ च्या एप्रिलमध्ये, सुमारे पाचशे वर्षांच्या झोपेनंतर, वाफा सोडू लागला. हा ज्वालामुखी आहे हे जवळच्या कित्येकांच्या गावीही नव्हतं. तिथल्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी एक ते पाच अशा पायऱ्या ठरवल्या, प्रत्येक पायरीचा अर्थ साध्या भाषेत लिहिला. लोक विश्वास ठेवीनात, तेव्हा त्यांनी मॉरिस आणि कात्या क्राफ्ट या फ्रेंच दांपत्यानं चित्रित केलेली फिल्म दाखवली. चिखलाचा लोंढा म्हणजे काय, जळता ढग म्हणजे काय, हे पडद्यावर पाहिल्यावर अधिकाऱ्यांच्याही शंका मिटू लागल्या. ९ जूनला पाचवी पायरी जाहीर झाली. मनाईचं वर्तुळ दहा किलोमीटरवरून वीस, मग तीस, मग चाळीस असं वाढवत नेलं. १५ जून रोजी शतकातला एक महाभयंकर उद्रेक झाला. त्याच दिवशी वादळही येऊन धडकलं. ओल्या राखेच्या भारानं छपरं कोसळून शेकडो माणसं दगावली हे खरं. पण निदान पाच हजार माणसं वाचली, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. क्राफ्ट पतीपत्नी मात्र त्याआधीच, ३ जूनला, जपानमधल्या उन्झेन ज्वालामुखीचं चित्रण करताना मरण पावले होते.

पिनातुबोला लोकांनी का ऐकलं? कारण त्यांना नुसतं ‘जा’ म्हटलं नाही. का जायचं ते दाखवलं, कुठून कुठपर्यंत ते सांगितलं, आणि पायरी बदलली की पुन्हा सांगितलं.

भिलाईत झोतभट्टीवर काम केलेल्यांना हा धडा वेगळ्या वाटेनं मिळालेला आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. १२ जून २०१४ रोजी इथल्या पोलाद कारखान्यात पंपहाउसच्या परिसरात हा वायू पसरून सहा जणांचा जीव गेला. त्यात वरिष्ठ अधिकारीही होते. डोळ्यांना दिसत नाही म्हणून धोका नाही, असं या गावात तरी कोणी म्हणू नये. वायूचा इशारा झाला की आधी बाहेर पडायचं, चौकशी नंतर करायची. असा नियम हुकमानं अंगवळणी पडत नाही, तो पुन्हापुन्हा करून घ्यावा लागतो. २०२३ मध्ये देशभर मोबाइल फोनवर मोठ्यानं किंचाळणारे चाचणीचे संदेश आले, तेव्हा कितीतरी घरांत धांदल उडाली. फोन बिघडला की कोणी पाळत ठेवतंय, अशाही शंका निघाल्या. तो इशाऱ्याचा सराव होता. पण सरावाचा अर्थ आधी घरोघर पोचला नव्हता.

म्हणून मागणी दोन्हीकडून करायला हवी. बंदी घालणाऱ्यांनी चार गोष्टी सांगाव्यात. धोका कोणता, बंदी कुठपर्यंत, फेरविचार केव्हा, आणि ज्याची रोजची कमाई बुडेल त्यानं काय करायचं. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर बंदी कागदावर राहते. आणि डोंगर फुटला नाही, पाऊस पडला नाही, तर गप्प बसू नये. का टळलं, तेही तितक्याच मोठ्यानं सांगावं. त्यानं पुढच्या इशाऱ्याची पत टिकते.

आणि आपण काय करावं? फार काही नाही. चार रंगांचे अर्थ घरातल्या सगळ्यांना, अगदी आजींना आणि पाचवीतल्या पोरालाही, पाठ असू द्यावेत. रेशनकार्ड, आधारकार्ड, औषधांची चिठ्ठी आणि थोडे पैसे एका पिशवीत ठेवावेत, म्हणजे निघायची वेळ आली की कपाट उचकावं लागत नाही. घर सोडायचं ठरलं तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवावं. फोनवर आलेला संदेश कोणी पाठवला आहे ते पाहिल्याशिवाय पुढे ढकलू नये. शेजारी कोणी एकट्या आजी, कोणी आजारी माणूस असेल तर त्यांना इशारा आपण सांगावा. आणि ज्याचा ठेला त्या दिवशी लागणार नाही, त्याच्याकडची भाजी आदल्या दिवशी दोन किलो जास्त घ्यावी.

इशारा पाळला आणि काहीच झालं नाही, तर तो दिवस फुकट गेला असं वाटतं. त्या संध्याकाळी घरातली डोकी मोजावीत. सगळी भरली, तर दिवस फुकट गेलेला नसतो.